लांब पल्ल्याच्या घोड्याला इलेक्ट्रोलाइट: किती, कधी आणि कधी अजिबात नाही

माणसाचा घाम रक्तापेक्षा बराच पातळ असतो. घोड्याच्या घामात मात्र क्षार (हेच इलेक्ट्रोलाइट: सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम वगैरे) रक्ताइतकेच, कधी त्याहून जास्त असतात. त्यामुळे दौडीत पाणी आणि मीठ बरोबरच जातं, रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि मेंदूपर्यंत तहान पोहोचतच नाही. वीस लिटर घाम गाळलेला घोडा बादलीवरून मान फिरवतो तो यामुळे. त्याला तहान नाही म्हणजे त्याला पाणी नकोय, असं समजू नका.

एक लिटर घामात साधारण ३ ते ३.५ ग्रॅम सोडियम, ५.५ ते ६ ग्रॅम क्लोराइड आणि १.२ ते २ ग्रॅम पोटॅशियम जातं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अगदी थोडं. उष्ण, दमट हवेत ताशी १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. दहा लिटरचा हिशोब होतो सुमारे ८० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. हे सगळं वाटेतच भरून काढायचं नसतं. आतड्यात पाण्याचा आणि क्षारांचा साठा असतो, म्हणून तिसरा हिस्सा ते निम्मं पुरे.

मिश्रण घरी करता येतं: वजनाने तीन भाग साधं मीठ, एक भाग पोटॅशियम क्लोराइड. ४५० किलोच्या घोड्याला एका वेळी ४० ते ६० ग्रॅम. तयार पाकीट घेणार असाल तर त्यावर सोडियम-क्लोराइडचे ग्रॅम वाचा. बऱ्याच पाकिटांत निम्म्याहून जास्त साखरच असते. खाण्याचा सोडा असलेलं पाकीट घेऊ नका. घामातून क्लोराइड गेल्यामुळे रक्त आधीच अल्कधर्मी झालेलं असतं, सोड्याने ते आणखी होतं आणि रक्तातलं कामाचं कॅल्शियम घटतं.

एरवी ५०० किलोच्या घोड्याला रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ लागतं. पोटॅशियम वाळल्या गवतातून भरपूर मिळतं. दौडीआधी चार दिवस डोस वाढवून काही साठत नाही, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. त्याच सकाळी, निघण्याआधी दोनेक तास, ओल्या खुराकात एक डोस द्या आणि समोर पाणी ठेवा.

थांब्यावरचा क्रम मोडू नका: आधी पाणी, मग भिजवलेलं गवत किंवा खुराक, शेवटी डोस. डोस सफरचंदाच्या गरात किंवा दह्यात कालवून ६० मिलिच्या, तोंड रुंद केलेल्या सिरिंजने ओठांच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडा. तोंडात जखम असेल तर मीठ झोंबतं आणि पुढच्या वेळी घोडा सिरिंज दिसताच मान वर करतो, म्हणून आधी तोंड बघा.

पाणी न पिणाऱ्या, सुकलेल्या घोड्याला घट्ट डोस कधीही देऊ नका. पोटातलं मीठ रक्तातलं पाणी आत ओढतं, निर्जलीकरण वाढतं, पोटदुखीचा धोका असतो. रिकाम्या पोटी वारंवार दिल्यास जठरात व्रण होतात. अशा घोड्याला लिटरमागे ९ ग्रॅम मीठ घातलेली बादली दाखवा. खारट पाण्याने तहान टिकते आणि नंतर तो साधं पाणीही जास्त पितो. साध्या पाण्याची बादली शेजारी हवीच. ही सवय घरी सरावातच लावा, दौडीच्या दिवशी ओळख करून देऊन उपयोग नाही.

हिरड्या कोरड्या आहेत का, खांद्याची चिमटीत धरलेली कातडी लगेच बसते का, आतड्यांचा आवाज येतो का, नाडी मिनिटाला ६४ च्या खाली उतरते का, हे प्रत्येक थांब्यावर पाहा. कूस लयीत उडत असेल तर एक हात कुशीवर आणि दुसरा हृदयावर ठेवा. दोन्ही ठोके एकत्र पडले तर कॅल्शियम-पोटॅशियमचा तोल गेलाय. दौड तिथेच थांबवा, पशुवैद्याला बोलवा. शिरेतून कॅल्शियम फक्त त्यांनीच, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश द्यायचं. रोज खूप लसूणघास खाणाऱ्या घोड्यांत हे जास्त दिसतं, कारण आयतं कॅल्शियम मिळत राहिल्याने हाडांतून ते झटकन सोडायची शरीराची सवय मोडते.

दौड संपल्यावर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ३० ग्रॅम मिश्रण ओल्या खुराकातून चालू ठेवा आणि वजन पूर्ववत होईपर्यंत कामाला जुंपू नका.