इनटेक मॅनिफोल्डचं पोर्टिंग कसं करावं: जुन्या पेट्रोल गाडीसाठी

गोव्यात फोंडा, डिचोली, साखळी या बाजूला आजही मारुतीच्या जुन्या एस्टीम आणि जिप्सी मनापासून जपणारी माणसं आहेत. त्यांतल्या 1298 सीसीच्या इंजिनाला थोडी अधिक ताकद मिळावी, अशी इच्छा झाली की पहिलं लक्ष इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याकडे जातं. त्याच्या आतल्या वाटा घासून नीट करणं म्हणजे पोर्टिंग. ते योग्यही आहे. पण बहुतेक जण ग्राइंडर हातात घेतात ते भोक मोठं करायला, आणि काम तिथेच बिघडतं. रनर, म्हणजे एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या, मोठे करण्यात फारसा फायदा नाही. ते चारही एकसारखे आणि विनाअडथळा करण्यात आहे.

हवा थ्रॉटलमधून (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) प्लेनममध्ये, म्हणजे सामाईक कोठ्यात येते, तिथून चार रनरांत वाटली जाते आणि इंजिनाच्या हेडच्या पोर्टातून (तोंडातून) व्हॉल्व्हपाशी पोचते. ओतीव मॅनिफोल्डात साच्याच्या जोडाची कड आतून उभी राहते. मॅनिफोल्ड आणि हेड जुळतात तिथे एकाचा काठ दुसऱ्याच्या तोंडात आलेला असतो. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटात एखादा दगड आडवा आला की पाणी तिथेच भोवरा धरतं, तसंच इथे हवेचं होतं.

आकाराचं गणित करून बघा. 36 मिमीचा रनर 38 मिमीचा केला की त्याचं क्षेत्रफळ 11 टक्क्यांहून जास्त वाढतं आणि तेवढ्याच इंजिन फेऱ्यांना आतल्या हवेचा वेग सुमारे 10 टक्के घटतो. वेग घटला की कमी फेऱ्यांना सिलिंडर नीट भरत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर गाडी बहुतेक वेळ मिनिटाला दोन ते साडेतीन हजार फेऱ्यांतच चालते. म्हणजे ताकद हवी तिथेच गमावली. रनर कापून आखूड करण्याचंही तेच. आखूड रनर वरच्या फेऱ्यांना साथ देतो, लांब रनर खालच्या. गावातले रस्ते आणि घाट चालवायचे असतील तर लांबीला हात लावू नये.

हे सगळं ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डसाठी आहे. नव्या गाड्यांत तो नायलॉनचा असतो. तो आतून साफ करावा, घासू नये.

आधी दोष मॅनिफोल्डचाच आहे का ते बघा

एअर फिल्टर नवा घाला, थ्रॉटल बॉडीतला कार्बन काढा, कॉम्प्रेशन मोजा. मग प्लेनमच्या नळीला व्हॅक्यूम गेज जोडा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना) 17 ते 21 इंच पारा दाखवतं. काटा लटपटत असेल तर व्हॉल्व्ह किंवा गळतीचं काम आधी करा. नंतर रहदारी नसलेल्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून वरच्या फेऱ्यांपर्यंत न्या. गेज शेजारच्या माणसाने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही. तेव्हा काटा शून्याजवळ, 1 इंचाच्या आत राहायला हवा. 2 इंच किंवा जास्त दाखवला तर हवा फिल्टर, पाइप किंवा थ्रॉटलपाशी अडते आहे. मग मॅनिफोल्ड घासून काही हाती लागणार नाही.

ही चाचणी सखल भागातल्या किंवा किनाऱ्याजवळच्या चढावर करा. चोर्ला घाटाच्या माथ्यावर, सुमारे 800 मीटर उंचीवर, हवेचा दाबच 8-9 टक्क्यांनी उतरलेला असतो. खालचा आणि वरचा अनुभव एकमेकांशी ताडता येत नाही.

खोलताना

इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. जुन्या मारुतीच्या या इंजिनांत थर्मोस्टॅट मॅनिफोल्डवरच बसतो, म्हणून इंजिन गार झाल्यावर कूलंट काढणं भाग आहे. प्रत्येक व्हॅक्यूम नळीला चिकटपट्टी लावून नंबर घाला, फोटो काढा. मॅनिफोल्ड उतरला की हेडची चारही पोर्टं स्वच्छ कापडाने बंद करा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत स्टड गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर ते तुटत नाहीत.

खुणा करणं

सगळ्या कामाचं यश इथे ठरतं. घाई करू नका.

नवं गॅस्केट आणून त्याच्या भोकाएवढं पोर्ट घासायचं, अशी सर्रास पद्धत आहे. पण गॅस्केटचं भोक बहुतेक वेळा दोन्ही बाजूंपेक्षा मोठं असतं. खरी जुळणी हेडच्या पोर्टाशी हवी. आधी गॅस्केट हेडवर बसवून बघा, त्याची कड पोर्टात आली असेल तर गॅस्केटच कापा. मग जाड कागद हेडच्या स्टडांवर घट्ट बसवून पोर्टाच्या कडेने बोटाने दाबत त्याचा ठसा घ्या आणि तो कापून मॅनिफोल्डच्या तोंडावर उतरवा. मॅनिफोल्डची बोल्टची भोकं थोडी सैल असतात, त्यामुळे तो हलून अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे बसू शकतो. दोन टोकांच्या स्टडांवर पातळ पितळी बुश घातली की दर वेळी तो त्याच जागी बसतो. तोंडाला मार्किंग ब्लू (खुणेची निळी शाई) लावून टोकदार सुईने रेघ ओढा.

मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टापेक्षा सगळ्या बाजूंनी साधारण अर्धा मिलिमीटर लहान ठेवा. हवा लहान तोंडातून मोठ्यात गेली तर फारसं बिघडत नाही. मोठ्यातून लहानात जाताना मात्र ती थेट काठावर आपटते. नेमकी हीच चूक जास्त घासण्याने होते.

घासणं

ॲल्युमिनियमसाठी रुंद दातांचा कार्बाइड बर (ग्राइंडरचं कापणारं टोक) घ्या. लोखंडाचा बारीक दातांचा बर पाच मिनिटांत भरून बंद पडतो. बरला मधूनमधून मेणबत्ती चोळत राहिलं की चिकटत नाही. चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नका.

रेघेपर्यंत घासल्यावर तो आकार 25 ते 30 मिमी आतपर्यंत हळूहळू मूळ रनरमध्ये मिसळवा. तोंडाशी कर्णा झाला तर हवा भिंत सोडते. साच्याची कड पूर्ण काढा. बोट आत घालून फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो. भिंतीची जाडी कॅलिपरने तपासत राहा आणि इंजेक्टर बसतो ती जागा व त्याच्या फवाऱ्याची वाट मुळीच छेडू नका. शेवटी 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरचा रोल फिरवून थांबा. आरशासारखी चकाकी बघायला छान, पण पोर्ट इंजेक्शनच्या (पोर्टातच पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनात पेट्रोल त्या गुळगुळीत भिंतीवर थेंब धरतं. थोडा खरखरीतपणा हवाच.

दुर्लक्षित राहते ती रनरची प्लेनमकडची बाजू. तिथे धारदार कोपरा असेल तर हवेचं मोठं नुकसान होतं. 36 मिमीच्या रनरला 5-6 मिमी त्रिज्येची गोलाई दिली की ते जवळजवळ नाहीसं होतं. अडचण एवढीच की एकसंध ओतीव मॅनिफोल्डात तिथवर हात पोचत नाही. प्लेनम कापून, गोलाई देऊन पुन्हा आर्गन वेल्डिंग करावं लागतं. कुंडई, मडकई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमचं काम करणारा वेल्डर शोधा. वेल्डिंगआधी मॅनिफोल्ड जाड प्लेटवर बोल्टने आवळायला सांगा, नाहीतर तो वाकतो. नंतर तोंड पुन्हा सपाट करून घ्या. सरळ पट्टीखाली 0.10 मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) शिरता कामा नये.

चारही रनर तोलून बघणं

घरचा व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. प्लायवूडची हवाबंद पेटी करा. एका भोकात क्लीनरची नळी, दुसऱ्यावर मॅनिफोल्डचा एक रनर, बाकी तीन चिकटपट्टीने बंद. पेटीला पारदर्शक नळीचा यू जोडून त्यात रंगीत पाणी भरा. क्लीनर चालू केला की दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये लिहा. जो रनर मोकळा, त्याला फरक कमी दिसतो. हा आकडा स्वतःपुरता काही सांगत नाही, पण चौघांची तुलना नेमकी होते. विजेचा दाब वरखाली होत असतो, म्हणून चौथा मोजून झाल्यावर पहिला पुन्हा मोजा. तो बदलला असेल तर सगळं परत करा. मागे पडलेला रनर थोडा थोडा घासून इतरांच्या बरोबरीला आणा.

धुणं आणि बसवणं

ॲल्युमिनियमचा एक कण सिलिंडरची भिंत ओरखडतो. गरम साबणाच्या पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरची हवा मारा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. ते पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबू नका. नवं गॅस्केट, शक्य तर सगळ्या नव्या व्हॅक्यूम नळ्या. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. इंजिन आयडलवर असताना जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि फेऱ्या बदलल्या, तर तिथे गळती आहे.

हवा वाढली की पेट्रोलही जुळवावं लागतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ईसीयू (इंजिनाचा संगणक) ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, होऊ शकतं. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून लॅम्डा (1 म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त) 0.85 ते 0.90 मध्ये आहे का बघा. एअर-फ्युएलचा जुना आकडा धरू नका. शुद्ध पेट्रोलचं 14.7 हे प्रमाण पंपावरच्या ई-20 ला (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) सुमारे 13.5 इतकं होतं.

फरक मोजायचा तर आधीची आणि नंतरची चाचणी एकाच हवामानात करा. 30 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असलेल्या श्रावणातल्या दिवशी हवेतली जवळजवळ 4 टक्के जागा बाष्पच व्यापतं, म्हणजे ऑक्सिजन तेवढा कमी. 80 अश्वशक्तीच्या इंजिनात या कामाने 2-3 अश्वशक्ती वाढली तर मी ते काम उत्तम म्हणेन, आणि एवढी वाढ पावसाळा सहज गिळतो. आत येणारी हवा 10 अंशांनी तापली तरी सुमारे 3 टक्के घट होते, तेव्हा रेडिएटरमागे उघडा फिल्टर लावून कमावलेलं घालवू नका. थंड हवेसाठी पाइप बंपरखालीही नेऊ नका. पावसात तुंबलेल्या रस्त्यावर इंजिन पाणी ओढेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल.

पीयूसी नव्याने करून घ्या. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, म्हणून इंजिन किंवा क्षमता बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही कळवा.

500 किलोमीटरनंतर इंजिन गार असताना बोल्ट पुन्हा तपासा आणि चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एखादा इतरांपेक्षा पांढरा दिसला, म्हणजे तिथलं मिश्रण पातळ असलं, तर ट्यूनिंग बदलण्याआधी त्या रनरचं गॅस्केट बघा.