जाखडीसाठी अंतराळाचं विरहगीत कसं बांधावं

जाखडी म्हणजे कोकणातला गाण्यावरचा समूहनाच. तिच्यासाठी गाणं बांधताना आधी माणूस कुठे निघालाय ते ठरवा, कारण विरहाची जात अंतरावर ठरते. अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावर सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. सावंतवाडीकराला मुंबई रस्त्यानं त्याहून लांब पडते. तरी स्थानकातला माणूस गणपतीला घरी येऊ शकत नाही. चाकरमान्याच्या गाण्यातली सगळी कळ इथे आयती मिळते, ती सोडू नका. एल्टन जॉनच्या १९७२ च्या ‘रॉकेट मॅन’मधला अंतराळवीरही बायकोला मागे ठेवून कामावर निघालेला माणूसच आहे.

ध्रुवपद घरी राहिलेलीच्या तोंडी द्या. स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीची फेरी पुरी करतं, म्हणून:

तुझ्या दारी दीड तासानं दिस उगवतो,
माझ्या पडवीत दिवा एक रात जागवतो.

सवाल-जवाब हवा असेल तर त्याला चंद्रावर पाठवा. संदेश जाऊन उत्तर परत यायला अडीच सेकंदांहून किंचित जास्त लागतात. आठ मात्रांच्या केरवा तालाची लय मिनिटाला ९० मात्रा धरली, तर चार मात्रांना २.६७ सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच. सवाल संपला की अर्धं आवर्तन रिकामं सोडा, मगच जवाब उचला. चुकतं ते इथेच. ढोलकीवाल्याला राहवत नाही, तो त्या जागेत तुकडा भरतो. पेटीवाला सूर ओढत राहतो. आणि तिचं वाट पाहणं ऐकूच येत नाही. ढोलकी, पेटी, झांज तिन्ही थांबवा. नाचणाऱ्यांचे घुंगरू तेवढे मात्रेवर पडू द्या, म्हणजे लय सुटत नाही.

मंगळावर सवाल-जवाब जमत नाही. एकेरी संदेशालाच ३ ते २२ मिनिटं जातात. तिथे पत्राचा बाज घ्या.

त्याच्या गालावरून आसवं ओघळू देऊ नका. वजनरहित अवस्थेत पाणी खाली येत नाही, डोळ्यावरच गोळा होऊन साचतं आणि पुसावं लागतं. कडव्याला याहून चांगली ओळ शोधूनही मिळायची नाही: रडू आलं, पण पडलं नाही.

तिला खळ्यातून स्थानक दिसतं असं दाखवायचं असेल, तर वेळ तिन्हीसांजेनंतरची किंवा पहाटेची घ्या; मध्यरात्री ते बहुधा पृथ्वीच्या सावलीत असतं. ते न लुकलुकता समुद्राकडून सह्याद्रीकडे सरकतं, फार तर सहा मिनिटं, आणि पुष्कळदा मध्येच सावलीत शिरून विझतं. गणपतीत आभाळ भरलेलं असतं, म्हणून हे कडवं दिवाळीनंतरच्या रात्रीचं करा.