मॉरिशसला कामासाठी येताय? मग हे वाचून या

एबेनच्या सायबरसिटीत, म्हणजे इथल्या आयटी कंपन्यांच्या वस्तीत, पुण्या-मुंबईकडची नवी मुलं सतत येत असतात आणि आठवड्याच्या आत प्रत्येकाला तोच साक्षात्कार होतो: ‘अरे, हा तर छोटा भारत!’ देवळं दिसतात, दुकानात हळद-हिंग मिळतं, रेडिओवर हिंदी गाणी लागतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. हा भारत नाही. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून भारतातले गिरमिटिया (करारावर आणलेले) मजूर पोर्ट लुईला उतरले, त्याची आठवण म्हणून २ नोव्हेंबरला इथे सरकारी सुट्टी असते. त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आज मॉरिशियन आहेत, घरात क्रेओल (फ्रेंचवरून झालेली इथली बोली) बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात. पाहुणे आपण आहोत, ते नव्हेत.

व्हिसा-परमिटचं कंपनी बघते, त्यावर मी लिहीत नाही. घराचं मात्र नीट ऐका. क्युरपीपला भाडं कमी दिसेल. ते गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि पावसाचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते. पोर्ट लुई डिसेंबरात भट्टी असतं. फ्लिक आँ फ्लाकला समुद्र आहे, पण रोज सकाळी एबेनला येताना रस्त्यात जो वेळ जाईल त्यात समुद्र विसराल. रोझ हिल किंवा कात्र बोर्न बघा, मेट्रोच्या जवळ. (मेट्रो आपल्या एल अँड टीने बांधली, हे तुम्हाला प्रत्येक भारतीय माणूस सांगणारच आहे.) गुरुवारी दुपारनंतर या वरच्या गावांतली बरीच दुकानं बंद होतात, तेव्हा किराणा आधी भरा.

चक्रीवादळ. मोसम नोव्हेंबर ते मे. इशाऱ्याचे वर्ग एक ते चार. नवा माणूस ‘वर्ग एक’ ऐकून हसतो, कारण बाहेर ऊन पडलेलं असतं. १५ जानेवारी २०२४ ला ‘बेलाल’ आलं, तेव्हा सकाळी नेहमीसारखे कामावर गेलेल्या लोकांच्या गाड्या पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून वाहत गेल्या. ३० मार्च २०१३ ला तर चक्रीवादळही नव्हतं, नुसता पाऊस होता, आणि त्याच शहरात अकरा माणसं गेली. पाऊस लागला की पोर्ट लुईतून गाडी काढायची नाही, भुयारी वाटेत शिरायचं नाही. वारा एकदम पडला म्हणून गच्चीवर फोटो काढायला जायचं नाही. डोळा वरून सरकला की वारा उलट्या दिशेने येतो. पाणी, मेणबत्त्या, सेलचा रेडिओ घरात हवाच. इथली घरं सपाट काँक्रीटची का, असं विचाराल, तर १९६० मधलं ‘कॅरोल’ चक्रीवादळ हे त्याचं उत्तर.

आता मुख्य गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि जी कोणीच मनावर घेत नाही. ऑफिसात मराठीतून कुणाबद्दलही वाईट बोलू नका. लिफ्टमध्ये नाही, फोनवर नाही, चहाच्या कोपऱ्यात तर नाहीच. आमच्याच ओळखीतला एक हुशार मुलगा आपल्या मॅनेजरसमोर उभा राहून आईला फोनवर सांगत होता की हे लोक आळशी, कुलींचीच औलाद. मॅनेजरचं आडनाव सखाराम. मुलाने ते फ्रेंच धाटणीत ऐकलं होतं, त्यामुळे डोक्यात प्रकाश पडला नाही. मॅनेजर शाळेत मराठी शिकलेला. तो शब्दाने काही बोलला नाही, फक्त कराराचं नूतनीकरण झालं नाही आणि मुलगा बायको-लेकरासह सामान बांधून परत गेला. घराची अनामत बुडाली ती वेगळीच.

इथल्या मराठी लोकांत जोशी-पाटील शोधाल तर क्वचितच सापडतील. धक्क्यावर मजुराचं नाव आणि बापाचं नाव लिहून घेत, पुढे बापाचंच नाव घराचं आडनाव होऊन बसलं. म्हणून रामा, धोंडी, सखाराम. मुंबई बंदरातून आलेली ही माणसं बहुतेक कोकणातली, काही घाटावरची. उसाच्या मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापत. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे मजूर उतरायचे तो धक्का, एकदा बघून या, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तो बघितल्यावर ‘कुली’ हा शब्द विनोद म्हणून तोंडात येणार नाही.

दुसरा सापळा म्हणजे ‘तुम्ही हिंदूच ना?’ हा प्रश्न. रोजच्या बोलण्यात इथे हिंदू म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले; तमिळ, तेलुगू, मराठी वेगळे मोजले जातात. हे किती नाजूक आहे म्हणाल, तर १९९८ साली नव्या नोटांवर हिंदीचा क्रम तमिळच्या आधी लागला म्हणून एवढा गदारोळ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. आपण या भांडणात मत देऊ नये. आपल्याकडचे काही लोक मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरचं राजकारण सोबत घेऊन येतात आणि इथल्या चहावर वाढतात. इथे ९ सप्टेंबरला सँत-क्रुआला पेर लावाल या ख्रिस्ती धर्मगुरूच्या समाधीवर ख्रिस्ती माणसांबरोबर हिंदू, मुसलमानही रात्रभर चालत जातात, तेव्हा ते राजकारण पेटीतच ठेवा.

कुठेही शिरताना आधी ‘बाँझूर’ (फ्रेंच नमस्कार) म्हणा. बसमध्ये, दुकानात, बँकेत. न म्हणता थेट काम सांगणारा माणूस उर्मट ठरतो, आणि आपण सगळे पहिले सहा महिने उर्मट असतो. जेवणाची चिंता नको. रस्त्यावरची दालपुरी खा, शेवग्याच्या पाल्याची भाजी इथे ‘ब्रेद मुरूम’ म्हणून मिळते. मिरचीची चटणी मागताना हात आखडता घ्या.

गणपतीची सार्वजनिक सुट्टी असते, पण चतुर्थीला नाही, बहुधा दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, सुट्टी २० ला. वाक्वा, हेन्रिएटा, कास्काव्हेल अशा ठिकाणी जुनी मराठी वस्ती आहे. तिथे ‘झाकरी’ बघा. आपल्या कोकणातला जाखडी नाचच तो, बोल थोडे बदललेले. त्यांचं मराठी ऐकून तिथल्या तिथे व्याकरण दुरुस्त करायची हौस आपल्या लोकांना फार. कृपा करून आवरा. घरी क्रेओल बोलणारी मुलं शाळेत मराठी विषय घेतात, ही थोडी गोष्ट नाही. आपली एबेनमधली किती मुलं घेतात, ते विचारू नका.

कुणी ओळखीचं झालं की एक दिवस पुढे कागद येईल. मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदी आहेत, तिथून पणजोबांचा उतारा काढलेला असतो: वय, उंची, जिल्हा, गाव, आणि गावाचं नाव इंग्रजी कारकुनाने ऐकलं तसं. ‘हे कुठे आलं?’ असं तुम्हाला विचारतील. आधी जिल्हा लावा, मग परगणा, मग ते नाव दोन-तीन प्रकारे मोठ्याने म्हणून बघा. बऱ्याचदा ओळखू येतं. गावाकडे फोन करून चौकशी करायचं कबूल केलंत तर खरंच करा. आमच्यातले बरेच जण ‘हो हो, बघतो’ म्हणतात आणि पुढच्या गणपतीला त्याच माणसाला चुकवत फिरतात.