अभ्यासिकेतल्या मुलांचं ऐकायला जाताना

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी गावाकडून आलेली मुलंमुली कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि दिवसभर अभ्यासिकेतल्या एका टेबलाला चिकटून असतात. पूर्व, मुख्य, मुलाखत यांत वर्षं निघून जातात. निकाल लागला की काहींना घरचा फोन उचलायचीसुद्धा धास्ती वाटते. या मुलांसाठी वेळ द्यायचा असेल तर एवढं मनाशी पक्कं करा: उपचार डॉक्टर आणि समुपदेशक करतील. आपण ऐकायचं, धोका ओळखायचा आणि त्यांच्यापर्यंत सोबत जायचं.

एकट्यानं सुरू करू नका. प्रशिक्षण देणारी संस्था गाठा आणि तीन प्रश्न विचारा. पहिल्या भेटीआधी संवादाचा सराव किती घेता? रात्री अडचण आली तर मी कुणाला फोन करायचा? जड गेलेल्या भेटीनंतर माझ्याशी कोण बोलेल? यातलं एक जरी उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा. आठवड्याला ठरलेले दोन तास, निदान सहा महिने जमणार असतील तरच हो म्हणा. पहिल्या महिन्यात रोज मेसेज आणि मग गायब, यानं फार नुकसान होतं. ‘मीच नकोसा झालो’ असाच अर्थ मूल काढतं.

जिना आणि चहाची टपरी टाळा, तिथे ओळखीचे कान असतात. लोकांच्या नजरेत असलेली पण बोलणं ऐकू न जाणारी जागा हवी. खुर्च्या थोड्या तिरक्या ठेवा, म्हणजे सतत नजरेला नजर द्यावी लागत नाही. ४५ मिनिटं पुरे.

पहिल्याच भेटीत हे सांगून टाका: “तू बोलशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मदत बोलावीन, आणि ते तुला सांगूनच करीन.” ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नका. समोरचं मूल १८ वर्षांखालचं असेल आणि लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर २०१२च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे धीर देणं म्हणजे लगेच तोडगा सांगणं, आणि गाडी नेमकी इथेच अडते. “दोन मार्कांनी गेली” असं कुणी म्हणालं की “पुढच्या वेळी निघेल” हे तोंडावर येतं. ते गिळा. “निकाल बघितलास तेव्हा कुठे होतास?” असं विचारा. मग गप्प राहा, मनात दहापर्यंत मोजा. बहुतेकदा खरं बोलणं त्या शांततेनंतर सुरू होतं.

डबा भरलेलाच परत जातोय, झोप उडाली आहे, आंघोळ टळते आहे, आणि हे दोन आठवडे चाललंय, तर डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली. त्याहून गंभीर खूण म्हणजे वर्षानुवर्षं जपलेल्या नोट्स वाटून टाकणं, उसने पैसे घाईनं फेडणं, खूप तगमगीनंतर एकाएकी शांत होणं. तेव्हा आडून विचारू नका. “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर पुढे विचारा: कसं, कधी ठरवलंय, साधन हाताशी आहे का?

बेत ठरलेला असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका. गोळ्या ताब्यात घ्या. मूल गावी असेल तर घरच्यांना फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात ठेवायला सांगा. आवेग ओसरेपर्यंत साधन लांब असणं जीव वाचवतं. संस्थेच्या समन्वयकाला कळवा, जवळच्या रुग्णालयात न्या, गरज पडली तर १०८ किंवा ११२ लावा. काही घेतलं असेल तर उलटी करवत बसू नका, पाकीट किंवा बाटली सोबत घेऊन निघा. पोलीस केसच्या भीतीनं वेळ दवडू नका: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

एवढी घाई नसेल तेव्हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. नंबर लिहून देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसून लावून द्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो; पहिल्या खेपेला केसपेपरच्या रांगेत तुम्ही सोबत उभे राहा, कारण अनेक जण तिथूनच परत फिरतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. हे आधीच सांगितलं नाही तर “काही फरक नाही” म्हणत आठवड्यात गोळ्या बंद होतात.

भेट संपली की नाव न घालता पाच ओळी लिहा आणि समन्वयकाकडे द्या. काम थांबवणार असाल तर चार आठवडे आधी सांगा, आणि शेवटच्या भेटीत नव्या स्वयंसेवकाला सोबत घेऊन जा.