फायर पंपाच्या टेस्टला समुद्रात निघालात? अडॅप्टर घेतला का?

सगळ्यात आधी अडॅप्टर, म्हणजे प्रेशर गेज पाइपाला जोडायचा तुकडा. अर्धा इंची, बीएसपीवरून एनपीटी (पाइपाच्या आट्यांची ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धत) आणि उलटाही, स्टेनलेसचा, दोन-दोन नग. पिशवीत टाकला का? नसेल तर आधी उठून टाका, बाकीचं नंतर वाचा.

आता का ते सांगतो. मुंबईपासून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर, मुंबई हाय तेलक्षेत्रातला एक प्लॅटफॉर्म, डिझेल-इलेक्ट्रिक फायर वॉटर पंपाची वार्षिक टेस्ट. कॅलिब्रेशन केलेला गेज नेला, त्याचं सर्टिफिकेट नेलं, सर्टिफिकेटच्या तीन झेरॉक्ससुद्धा नेल्या. गेज एनपीटीचा आणि पाइपावरचं टॅपिंग, म्हणजे गेज लावायचं तोंड, बीएसपी. तिथल्या स्टोअरमध्ये जगातलं सगळं होतं, हाच एक तुकडा नव्हता. अर्धा इंचाची गंमत अशी की दोन्हींना इंचाला १४च आटे, त्यामुळे दोन-तीन फेरे मस्त बसतो आणि वाटतं झालं काम. पण आट्यांचा कोन एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, त्यात एनपीटी निमुळता. मी शहाण्यासारखी टेफ्लॉन टेप गुंडाळली, पंप चालू केला, प्रेशर चढलं आणि खाऱ्या पाण्याची पिचकारी सुटली ती थेट टेस्ट बघून सही करायला आलेल्या सर्वेअर साहेबांच्या चष्म्यावर. ते काहीच बोलले नाहीत, फक्त वही मिटली. मग हवा बिघडली, चॉपर बंद, आम्ही तीन दिवस गॅलीतली बिर्याणी खात बसलो आणि टेस्ट न करता परत. कशासाठी, तर शे-दोनशे रुपयांच्या लोखंडासाठी.

तर तयारी. मेडिकल आणि समुद्रातल्या सर्व्हायव्हल ट्रेनिंगच्या तारखा बघून घ्या, संपलेल्या असल्या तर जुहूच्या हेलिबेसवरूनच परत पाठवतात. बूट, गॉगल, कव्हरऑल, हे सांगायला नको. जड सामान न्हावाहून बोटीने जातं, ते आठवडाभर आधी पाठवा, आणि बोटीने पाठवलं म्हणजे पोचलं असं समजू नका, प्लॅटफॉर्मवर फोन करून कुणाला तरी पेटी डोळ्याने बघायला लावा. क्लीनिंग स्प्रेचे डबे चॉपरमध्ये चालत नाहीत. गेज आणि अडॅप्टर मात्र बोटीच्या भरवशावर नाही, स्वतःच्या हँडबॅगेत.

कागदांमध्ये फॅक्टरीची मूळ कर्व्ह (किती फ्लोला पंप किती प्रेशर देतो तो आलेख) आणि मागच्या वर्षीचे आकडे, दोन्ही हवेत. नुसत्या आजच्या आकड्यावरून पंप थकलाय की नाही हे कुणीच सांगू शकत नाही.

आता हा पंप डिझेल-इलेक्ट्रिक आहे म्हणजे काय ते डोक्यात पक्कं ठेवा, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. इंजिन आणि आल्टरनेटर वर डेकवर, पंप आणि मोटर दोन्ही खाली केसनमध्ये, म्हणजे समुद्रात उतरवलेल्या उभ्या पाइपात, पाण्याखाली, मधे फक्त केबल. लांब शाफ्ट नाही, गिअरबॉक्स नाही, हा फायदा. तोटा हा की खाली काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, घ्यायचा, आणि निघायच्या आधी त्याची बॅटरी बघायची. जंक्शन बॉक्सवरून रीडिंग घेतलं तर केबल आणि मोटर दोन्हींचं मिळून येतं, ते गेल्या वर्षीच्या शेजारी लिहा, एकटा आकडा फार काही सांगत नाही. आल्टरनेटरला मेगर लावणार असाल तर आधी एव्हीआर (त्याचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) सोडवा, नाहीतर तो जळेल आणि नवीन मिळेपर्यंत प्लॅटफॉर्मचा एक फायर पंप बंद, मग तुमच्याशी कोण कसं बोलेल ते मी सांगायला नको. मेगरनंतर केबल डिस्चार्ज करा. वायरी सोडल्या असतील तर फेज सीक्वेन्स मीटर हवाच, कारण दोन फेज उलट लागल्या तर मोटर उलटी फिरते आणि पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, कमी देतो पण देतो. शाफ्टवाल्या पंपात निदान वर उभं राहून दिसतं, इथे तुम्ही इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) झिजला म्हणून रिपोर्ट लिहून मोकळे.

प्रेशर गेज. कॅलिब्रेशनची तारीख, रेंज, आणि आटे. आटे! निघायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या माणसाकडून टॅपिंगचा फोटो मागवा, ‘अर्धा इंच आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, मला पण अर्धा इंचच सांगितला होता. आणि फोटोत बीएसपी दिसलं, एनपीटी दिसलं, काहीही दिसलं तरी अडॅप्टर न्यायचाच.

गेज पाण्याच्या पातळीपासून किती उंच आहे ते मोजायला टेप न्या. गेज २२ मीटर वर असेल तर साधारण सव्वादोन बार पंपाने नुसतं पाणी वर चढवण्यातच खर्च केलेले असतात, ते हेडमध्ये (पंप पाणी एकूण किती उंच चढवतो त्या मापात) धरले नाहीत तर चांगला पंप नापास होतो. त्या वेळची भरती-ओहोटीही लिहून ठेवा. आणि फ्रीक्वेन्सी. इंजिनचा स्पीड पडला की हर्ट्झ पडतात, मोटरचाही स्पीड पडतो, आणि हेड स्पीडच्या वर्गाने पडतं, म्हणजे स्पीड दोन टक्के कमी तर हेड जवळजवळ चार टक्के कमी. प्रत्येक रीडिंगला हर्ट्झ लिहायचे, शेवटी आठवून नाही.

इंजिनकडे बॅटरीचे दोन सेट, दोन्हींवर वेगवेगळं स्टार्ट घेऊन बघायचं. डिझेल टाकीच्या तळाचं पाणी काढा. डिस्चार्जवरचा एअर रिलीज व्हॉल्व्ह मोकळा आहे का बघा, कारण समुद्रपातळीच्या वरचा पाइप रिकामा असतो, पंप सुरू होताच ती सगळी हवा तिथून जायला हवी, नाही गेली तर रिंग मेनमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मभर फिरवलेल्या फायरच्या पाइपात, असा दणका बसतो की वरच्या कॅबिनमध्ये झोपलेले उठून येतात.

परमिटच्या वेळी दोन प्रश्न: पाण्यात डायव्हर आहेत का, आणि ओव्हरबोर्ड लाइनच्या (टेस्टचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या पाइपाच्या) खाली बोट आहे का. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलंत तर बोटीचा कॅप्टन रेडिओवर जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. पहिला प्रश्न मात्र गंमतीचा नाही. ६ जुलै १९८८ ला नॉर्थ सीमध्ये पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली, आणि त्या रात्री डिझेल फायर पंप मॅन्युअलवर होते, म्हणजे आपोआप सुरू होणार नव्हते, कारण डायव्हर सक्शनला खेचले जाऊ नयेत म्हणून तशी पद्धत पडली होती. पंप सुरू करायला गेलेली माणसं परत आली नाहीत. त्यामुळे टेस्टसाठी सिलेक्टर मॅन्युअलवर घेतला तर एका माणसाचं नाव ठरवून ठेवा, तो परत ऑटोवर टाकणार. ‘आपण सगळे बघू’ म्हणजे कुणीच बघत नाही.

टेस्टच्या दिवशी: जनरेटरचे अँपिअर, व्होल्ट, हर्ट्झ, फ्लो, प्रेशर, तीन पॉइंटला. शून्य फ्लोला जास्त वेळ चालवू नका. मग रेटेड फ्लोच्या १०० टक्के. मग १५० टक्के, तिथे हेड रेटेड हेडच्या ६५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. टेस्टच्या आधी गेजचा जोड एकदा हाताने हलवून बघा, अडॅप्टर लावलाय ना, टेप गुंडाळून जुगाड नाही ना केलेलं.

नंतरचं पटापट. ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह बंद, डिस्चार्ज उघडा, जॉकी पंप (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) चालू, सिलेक्टर ऑटो, त्याचा फोटो. डिझेल परत भरा. परमिट बंद. सर्वेअरची सही बोटीवर किंवा मुंबईत गेल्यावर नाही, तिथेच.

आणि गेज काढाल तेव्हा अडॅप्टरही काढून घ्या. माझे दुसऱ्या खेपेला विकत घेतलेले दोन्ही अजून त्या टॅपिंगवरच आहेत.