‘लीव्ह’चे जर्मन करण्यापूर्वी मराठीला विचारा

‘लीव्ह’ हे इंग्रजी क्रियापद जर्मनमध्ये नेण्याची वेळ आली की नागपुरातील आमच्या जर्मनच्या वर्गांत बहुतेकांच्या लेखणीतून एकच शब्द उतरतो, आणि तो म्हणजे ‘फेअरलासेन’. शब्दकोशात तो अगदी वरच सापडत असल्यामुळे पुढचे अर्थ वाचायचे राहून जातात. मग ‘मी पाच वाजता निघते’ या साध्या वाक्यासाठी ‘इश फेअरलासे उम फ्युन्फ’ असे लिहिले जाते आणि जर्मन माणूस पुढच्या शब्दाची वाट पाहत थांबतो, कारण काय सोडता किंवा कोणाला सोडता हे कळल्याशिवाय त्याच्या दृष्टीने हे वाक्य पुरे होत नाही. माझे अनेक वर्षांचे मत असे आहे की या चुकीवर मोठा शब्दकोश हा उपाय नाही. इंग्रजी वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणून पाहणे हाच उपाय आहे, कारण इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले अर्थ मराठीने पूर्वीच वेगवेगळे करून ठेवले आहेत. (या लेखात जर्मन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.)

हा प्रयोग एकदा करून पाहावा. गाडी ‘सुटते’, माणूस ‘निघतो’, नोकरी ‘सोडतात’, छत्री गाडीत ‘राहते’, दार उघडे ‘राहू देतात’, काम दुसऱ्यावर ‘सोपवतात’, डब्यात दोन पोळ्या ‘उरतात’ आणि आजोबा घर ‘मागे ठेवून’ जातात. इंग्रजीत या आठही ठिकाणी ‘लीव्ह’ किंवा त्याचे ‘लेफ्ट’ हे रूप चालते. मराठी क्रियापद एकदा निश्चित झाले की जर्मन क्रियापद शोधणे पुष्कळ सोपे होते.

‘सुटणे’ आणि ‘निघणे’ यांना कर्म नसते, म्हणून तेथे ‘फेअरलासेन’ बसत नाही. नागपूर स्थानकावरून सेवाग्राम एक्स्प्रेस सुटते तेव्हा जर्मनमध्ये ‘आपफारेन’ हे क्रियापद लागते आणि त्याचा ‘आप’ हा उपसर्ग तुटून वाक्याच्या शेवटी जातो: ‘देअर त्सूक फेअर्ट उम नॉइन आप’, म्हणजे गाडी नऊला सुटते. माणसाच्या बाबतीत मात्र जर्मन भाषा आणखी एक प्रश्न विचारते, जो मराठी विचारत नाही: पायी निघालात की वाहनाने? घरून चालत निघाल्यास ‘लोसगेएन’, गाडीने निघाल्यास ‘लोसफारेन’, आणि विमान उडणार असेल तर ‘आपफ्लीगेन’. मूळ इंग्रजी वाक्यात याचा पत्ता नसेल तर आजूबाजूची वाक्ये वाचून ठरवावे, आणि तरीही उलगडा झाला नाही तर नुसते ‘गेएन’ (जाणे) बहुतेक ठिकाणी निभावून नेते.

भूतकाळात सहायक क्रियापद म्हणून ‘झाइन’ (असणे) घ्यावे की ‘हाबेन’ (जवळ असणे), हा प्रश्न विद्यार्थ्यांना फार छळतो. जाण्याच्या आणि सोडण्याच्या अर्थांपुरती मराठीच येथे खूण देते. वाक्य तृतीय पुरुषात म्हणून पाहावे. ‘ती निघाली’ यात ‘ने’ नाही, म्हणून ‘झाइन’चे ‘इस्ट’ हे रूप येते: ‘झी इस्ट लोसगेगांगेन’. ‘तिने घर सोडले’ यात ‘ने’ आला, म्हणून ‘हाबेन’चे ‘हाट’: ‘झी हाट दास हाउस फेअरलासेन’. हा सर्व क्रियापदांचा नियम नव्हे, कारण ‘तो विसरला’ यात ‘ने’ नसूनही जर्मनमध्ये ‘हाबेन’च येते, पण निघणे आणि सोडणे या जोडीपुरता तो विद्यार्थ्यांच्या पक्का लक्षात राहतो.

आता ‘लासेन’ या क्रियापदाकडे वळू, कारण ‘लीव्ह’चा सर्वांत समृद्ध भाग तेथे आहे. मराठीतील ‘राहू दे’ हे त्याचे जवळजवळ नेमके प्रतिरूप आहे. ‘लास दी ट्यूर ऑफेन’ म्हणजे दार उघडे राहू दे. आणि कोणी अवघड काम करू लागला तर त्याला ‘राहू दे’ म्हणतो, तसेच जर्मन माणूस ‘लास एस’ म्हणतो. वस्तू मागे विसरून येण्याच्या अर्थी मात्र एकटे ‘लासेन’ सहसा पुरत नाही, कारण ती वस्तू तेथे कशी राहिली हेही जर्मनमध्ये बहुधा सांगतात. समजा, पुण्याला जाताना आत्यासाठी घेतलेली संत्र्यांची पेटी गाडीतच राहिली. पेटी उभी असते, म्हणून ‘इश हाबे दी किस्टे इम त्सूक श्टेएन लासेन’. त्याच डब्यात छत्री राहिली असती तर ती आडवी पडलेली असते, म्हणून ‘लीगेन लासेन’. खुंटीवरचा कोट ‘हेंगेन लासेन’. आणि कुलपात अडकून राहिलेली किल्ली ‘श्टेकेन लासेन’. मराठीत आपण चारही ठिकाणी ‘राहिली’ किंवा ‘राहिला’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे येथे डोळे मिटून ती वस्तू नजरेसमोर आणणे एवढेच करता येते. वरच्या वाक्याच्या शेवटी ‘गेलासेन’ असे भूतकाळी रूप न येता बहुधा ‘लासेन’ हे मूळ रूपच येते, हेही पाहून ठेवावे.

काम सोपवण्यासाठी ‘युबरलासेन’ वापरतात आणि ज्याच्यावर सोपवले तो चतुर्थी विभक्तीत जातो: ‘युबरलासेन झी दास मिअर’, म्हणजे ते माझ्यावर सोपवा. निरोप किंवा वारसा मागे ठेवण्यासाठी ‘हिंटरलासेन’. उरण्यासाठी ‘युब्रिश ब्लायबेन’.

‘फेअरलासेन’च्या बाबतीत एक धोका असा आहे की त्यामुळे अर्थ थेट उलटा होतो. ‘इश फेअरलासे दिश’ म्हणजे मी तुला सोडून जातो आहे. पण ‘इश फेअरलासे मिश आउफ दिश’ म्हणजे मी तुझ्यावर विसंबून आहे. ‘मिश’ आणि ‘आउफ’ हे दोन छोटे शब्द गळले तर भरवशाचे वाक्य ताटातुटीचे होते. म्हणून हे क्रियापद लिहिल्यावर त्याच्या मागेपुढे काय आहे ते बोट ठेवून तपासावे.

मराठीवर भिस्त ठेवा असे मी म्हणते, तरी मराठीही काही ठिकाणी चकवते. आपले ‘सोडणे’ स्वतःच अनेक अर्थांचे आहे. ‘मी तुला बर्डीवर (म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीवर) सोडतो’ यात कोणी कोणाचा त्याग करत नाही. गाडीवरून उतरवून देणार असाल तर जर्मनमध्ये ‘आपझेत्सेन’ आणि स्टेशनवर पोहोचवणार असाल तर ‘ब्रिंगेन’. ‘हात सोड’ यासाठी ‘लोसलासेन’ आणि चहा सोडण्यासाठी ‘आउफह्योरेन’ लागते. तसेच बोलताना ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे अनेकदा ‘मला गाडी मिळाली नाही’, आणि तेव्हा ‘आपफारेन’ नव्हे तर ‘फेअरपासेन’ हवे.

नोकरीच्या कागदपत्रांत तर फारच जपून लिहावे लागते. राजीनामा देणे म्हणजे ‘क्युंडिगेन’. हेच क्रियापद मालकाने कामावरून काढण्यासाठीही वापरतात आणि तेव्हा ज्याला काढले तो चतुर्थीत जातो: ‘ईम वुर्डे गेक्युंडिश्ट’, म्हणजे त्याला कामावरून काढले. जर्मनीत नोकरी संपवण्याची नोटीस कागदावर सही करूनच द्यावी लागते, ईमेल चालत नाही. तेथील नागरी संहितेच्या 623व्या कलमातच तशी तरतूद आहे. त्यामुळे हा शब्द केवळ बोलण्यापुरता नाही, त्याला कायद्याचे वजन आहे. अनुभव प्रमाणपत्र भाषांतरित करताना ‘त्यांनी स्वेच्छेने कंपनी सोडली’ यासाठी तेथे ठरलेली शब्दरचना ‘आउफ आयगेनेन वुन्श’, म्हणजे स्वतःच्या इच्छेने, अशी आहे. हे शब्द नसले तर जर्मन वाचकाला शंका येते की माणसाला काढले असावे. मूळ पत्रात ‘स्वेच्छेने’ असा उल्लेख नसेल तर भाषांतरकाराने तो आपल्या पदरचा घालू नये. उमेदवारालाच पूर्वीच्या मालकाकडून सुधारित पत्र आणायला सांगावे.

शेवटी आपल्याकडचा एक कागद, ज्याने मला स्वतःला चांगलेच अडचणीत आणले होते, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्याच्या इंग्रजी नावात ‘लीव्हिंग’ आहे, म्हणून सुरुवातीच्या काळात मी एका विद्यार्थिनीच्या कागदांत त्याचे ‘आपश्लुसत्सॉयग्निस’ असे भाषांतर केले. जर्मनमध्ये हा शब्द शिक्षण पूर्ण केल्याच्या, गुण नोंदवलेल्या प्रमाणपत्राला वापरतात. साहजिकच तिकडून विचारणा आली की यात गुण कोठे आहेत, आणि त्या मुलीचे कितीतरी दिवस माझ्या एका शब्दापायी वाया गेले. त्याची खंत मला आजही वाटते. ‘आपगांग्सत्सॉयग्निस’ हाही पर्याय बरा नव्हे, कारण शिक्षण अर्धवट टाकून जाणाऱ्याला मिळणारे गुणपत्रक असा त्याचा अर्थ होतो. आपल्या दाखल्यात नाव, जन्मतारीख, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण अशा नोंदी असतात. गुण असतात ते मंडळाच्या गुणपत्रिकेत. म्हणून मी आता त्याला ‘शूलआपगांग्सबेशायनिगुंग’ लिहिते, म्हणजे विद्यार्थ्याने शाळा सोडली आहे एवढेच प्रमाणित करणारा कागद, आणि नागपूर विभागीय मंडळाची दहावीची गुणपत्रिका वेगळ्या शीर्षकाखाली त्याच्या सोबत जोडायला सांगते.