गॅदरिंगच्या देखाव्यात चीनच्या चार सुंदऱ्या उभ्या करायच्या तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गॅदरिंगला सजीव देखावा असला की जिजाऊ, कित्तूर चन्नम्मा असतातच आणि असायलाच पाहिजेत, त्यांच्या जोडीला काही वेगळं हवं असेल तर जुन्या चीनच्या ह्या चौघी घ्या. फक्त पावडर थापून, पेन्सिलनं डोळे ओढून मुलींना "चिनी" करू नका, लई वाईट दिसतंय ते. चौघींना कुणी ना कुणी राजकारणात वापरलं, ते दिसलं पाहिजे.

पहिली शीशी (नाव सलग म्हणायला लावा, तोडलं की पोरं हसतात). नदीवर रेशीम धुताना तिला बघून मासे पोहायचं विसरले म्हणतात. हरलेल्या युए राज्यानं तिला वू च्या राजाकडं पाठवलं, इ.स.पू. ४७३ मध्ये वू बुडालं. शहापूर-वडगावात ओळखीचा विणकर असेल तर रेशमाची लड मागा, एक टोपली, झालं.

दुसरी वांग झाओजुन, हिला जास्त वेळ द्या. राजवाड्यातल्या चित्रकाराला लाच दिली नाही म्हणून त्यानं तिचं चित्र मुद्दाम वाईट काढलं, सम्राटानं तिला कधी बघितलंच नाही आणि इ.स.पू. ३३ मध्ये उत्तरेच्या श्योंगनू टोळ्यांच्या प्रमुखाला देऊन टाकली, निरोपाच्या वेळी चेहरा बघितला तेव्हा हळहळला, ही चित्राची गोष्ट दंतकथा आहे पण लग्न खरं. लाल शाल पांघरा, हातात पिपा हे चिनी तंतुवाद्य द्या, सितार नको, पिपा आखूड मानेची, चार तारांची असते, पुठ्ठ्याची जमते. सूर ऐकून आकाशातले हंस खाली पडले म्हणतात, ते कागदाचे करून दोऱ्यानं सोडा, टाळ्या तिथंच पडतात.

दियाओचान इतिहासात नाही, कथेतली आहे, हे निवेदकानं स्पष्ट सांगायचं. जुलमी सेनापती दोंग झुओला त्याच्याच मानलेल्या मुलानं, ल्यू बूनं, इ.स. १९२ मध्ये मारलं हे मात्र खरं, कथेत ते भांडण हिच्यावरून लागतं. बांबूच्या रिंगला पांढरा कागद लावून चंद्र करा, मागं टॉर्च, पुढं कापसाचा ढग सरकवा, कारण चंद्र तिला बघून लपला होता.

चौथी यांग ग्वेफेई, सम्राटाची लाडकी राणी, अंगानं भरलेली होती, तेव्हा बारीकच मुलगी शोधत बसू नका. तिच्यासाठी दक्षिणेतून घोडेस्वारांच्या डाकेनं लिची यायची. गॅदरिंगच्या महिन्यात बाजारात लिची नसते, लाल कापडाच्या गोळ्या भरा. ७५५ मध्ये बंड झालं, पुढच्या वर्षी पळून जाताना सम्राटाच्याच सैनिकांनी सगळा दोष तिच्यावर टाकून तिचा जीव घ्यायला लावला. मरण स्टेजवर दाखवू नका, समोर बालवाडीची पोरं असतात, सम्राटानं पाठ फिरवली की लाईट बंद करा.

निवेदन मराठीत आणि दोन-दोन ओळी कन्नडात ठेवा, पालक दोन्हीकडचे असतात.